लेकीला आई म्हटलं म्हणून

बोलेत्ता माझ्या शेजारी मासे कापायला उभी राहायची, तेव्हापासून मी तिला ओळखते. आम्ही दोघी ग्रीनलंडच्या. डेन्मार्कमधल्या या बंदराच्या गावात माझी उभी हयात गेली, तरी चिडले की माझ्या तोंडून आपलीच भाषा येते. बोलेत्ता तर नव्यानेच आलेली. तिची सुरी भराभर चालायची आणि तोंड त्याहून भराभर. मुकादमाने एकदा बडबड कमी कर म्हणून सांगितलं, तर ती म्हणाली, माशांची काही तक्रार नाहीये.

तिला दिवस गेले. पोराचा बाप बोटीवरचा, बोटीबरोबर गेला. त्याच्या नावाने तिने टिपूस गाळलं नाही. पण दिवस भरत आले असताना तिकडे ग्रीनलंडमध्ये, मानित्सोकला, तिची आई ओत्तिलिया वारली. धुक्याने विमानं अडकली आणि बोलेत्ता मातीलाही पोचू शकली नाही. मग मात्र ती रडली. तपासायला येणाऱ्या सुईणीसमोरही रडली. सुईणीने काळजी वाटते म्हणून वर कळवलं आणि तिथून नगरपालिकेची माणसं घरात शिरली.

मुलगी झाली. तिचं नाव काय ठेवायचं हा प्रश्नच नव्हता. आमच्यात माणूस गेलं की त्याचं नाव पाठोपाठ जन्मलेल्या बाळाला देतात, आणि नावाबरोबर नातंही येतं. बाळ झालं ओत्तिलिया, म्हणून बोलेत्ता तिला हाक मारायची आनाना. आनाना म्हणजे आई. बाळाने दूध ओकलं की आम्ही म्हणायचो, म्हातारीला अजून दुसऱ्याच्या हातचं काही आवडत नाही. बोलेत्ता हसायची. आईच्या मातीला गेलो नाही हे दुःख त्या हसण्यात जरा हलकं व्हायचं. दुःख हलकं करायची याहून चांगली रीत मला तरी माहीत नाही.

बोलेत्ताची चूक एवढीच की तिने हे सगळं नगरपालिकेने पाठवलेल्या मानसतज्ज्ञ बाईंना मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्या बाईंनी आधी परीक्षा म्हणून तिच्याकडून लाकडी ठोकळे रचून घेतले होते, कसले कसले प्रश्न विचारले होते. मग एक दिवस त्या घरी बसून बघत होत्या आणि बोलेत्ता बाळाला म्हणाली, "आनाना, तुझी लेक दमलीय गं आज, झोप ना लवकर." बाईंनी लिहून घेतलं. या स्त्रीला आपलं मूल आणि आपली आई यांतला फरक कळत नाही, तान्ह्या बाळाकडून ती आईपणाची अपेक्षा करते, मूल इथे सुरक्षित नाही.

मूल नेलं. दुसऱ्या गावातल्या एका कुटुंबाकडे सांभाळायला दिलं. या देशात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, मूल काढून घेतानाही. "बोलेत्ता, तू समजून घे," असं म्हणत म्हणत नेलं. मला तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये.

पुढे अधूनमधून तासाभराची भेट मिळायची. ऑफिसातल्या खोलीत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर देखरेखीला हेन्रिएत्त नावाची बाई. आपली भाषा बोलायची नाही, कारण ती हेन्रिएत्तला कळत नाही. आणि आनाना म्हणायचं नाही. लेक परत मिळेल या आशेवर बोलेत्ताने तोंड शिवून घेतलं. जिला बोलल्याशिवाय मासा कापता येत नसे ती पोटच्या पोरीसमोर शब्द निवडत बसायची. भेटीहून आली की माझ्याकडे येऊन वाळलेले मासे चघळत बसायची, काही बोलायची नाही.

एवढं करून मिळालं काय? मूल कायमचं दत्तक द्यावं, आईची संमती असो वा नसो, असा प्रस्ताव आला. तसं झालं की बोलेत्ताचा हक्क संपला. मग भेट नाही, लेक कुठे आहे हेही कळायचं नाही.

हे ठरवणाऱ्या नगरपालिकेच्या समितीपुढे जायच्या आधी तिच्या वकिलाने तिला पढवलं. म्हण की ती नुसती जुनी रीत होती, आता मला कळलंय, पुन्हा तसं म्हणणार नाही. बोलेत्ताने मान हलवली. मी तिच्याबरोबर आत गेले होते. अध्यक्षबाई स्वभावाने वाईट नव्हत्या. त्यांनी हळूच विचारलं की या मुलीची तू कोण, हे तुला आता नीट समजलंय का.

वकील तिच्याकडे बघत राहिला. बोलेत्ता उभी राहिली.

"मी तिची आई आहे," ती म्हणाली. "ते नातं मोडायचं कलम तुमच्याकडे आहे, मला माहितीय. पण मी तिची लेकसुद्धा आहे. लेकीचा हक्क काढून घ्यायचं कलम आहे का तुमच्याकडे? असलं तर वाचून दाखवा. नसलं तर तुम्ही मला तिच्यापासून अर्धीच तोडणार आहात."

वकिलाने डोळे मिटून घेतले. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

समितीने प्रस्ताव मंजूर केला. बोलेत्ता कोर्टात गेली. निकाल लागेपर्यंत नगरपालिकेला भेटी चालू ठेवाव्या लागल्या, एवढंच काय ते हाती आलं. तिच्या वागण्यात सुधारणा नाही, असा शेरा तर पडलाच होता. मग आता गप्प बसून वाचवायचं काय होतं?

परवाच्या भेटीला मीही गेले. ओत्तिलिया आता दुडुदुडु धावते. ती खिडकीपाशी पाठमोरी उभी राहून काचेवर नाक दाबत होती. बोलेत्ताने कोटसुद्धा काढला नाही. दारातूनच, चांगली मोठ्याने, हाक मारली, "आनाना!"

हेन्रिएत्तने मान वर केली. म्हणाली, "बोलेत्ता, हे मला लिहावं लागेल." आवाजात राग नव्हता, थकवा होता.

बोलेत्ता लेकीकडेच बघत होती. तिने परत हाक मारली, या वेळी हळू, घरात मारतात तशी. पोरगी वळली, आणि हात पसरून धावत आली.

"दोनदा लिही, हेन्रिएत्त," लेकीला उचलून घेत बोलेत्ता म्हणाली. "मी दोनदा हाक मारली. आणि तिने ओ दिली, तेही लिही."