नारळाच्या पाण्यानं मेलेली रॅम

यंदा खंडेनवमीच्या सकाळी, आरती संपता संपता, माझ्या धाकट्या बहिणीवर अन्याय झाला. करणारे किनवटच्या टायपिंग क्लासचे सर. हत्यार नारळ.

क्लासातला एकमेव चालता कॉम्प्युटर लई तापतो, म्हणून त्याचं झाकण बारमाही काढलेलं. सरांनी त्याला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पाणी भक्तिभावानं थेट आत शिंपडलं. पडदा काळा. आम्ही बौद्ध माणसं, यंत्राची धूळ पुसतो, पूजा करत नाही. पण बहिणीची टायपिंगची परीक्षा तोंडावर, म्हणून तीही आरतीला उभी होती.

"देवाच्या मनात नसंल," सर म्हणाले.

मी जाऊन तपासलं. रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, जळाली होती. ती खिशात घालून मी नांदेड गाठलं. जुन्या कॉम्प्युटर सामानाच्या दुकानातल्या चाचांनी तसल्याच जुन्या रॅमचा भाव सांगितला. नव्या रॅमपेक्षा जास्त!

"चाचा, भंगार हाय हे!"

"मंग नवी घे ना, बेटा. तुज्या मशीनमधी बसती का बघ."

बसत नाही. खाच वेगळी. नवी घालायची तर बोर्ड बदला, बोर्डापायी प्रोसेसर बदला. नाल झिजला म्हणून बैलच बदलायचा! कंपन्यांनी जुनी रॅम बनवणं कधीच सोडलं, आणि इकडं क्लास, झेरॉक्सवाले, तहसिलीबाहेरचे अर्ज भरणारे सगळे जुन्याच मशीनवर.

"आन् माल कुटं हाय, मालूम?" चाचा हसले. "सरकारी हापिसात. कोंडून ठेवलाय."

रिकाम्या हातानं परतताना एका सरकारी ऑफिसात शिरलो. मागच्या खोलीला कुलूप. खिडकीतून तसल्याच मशीनींचा ढीग दिसला, वर उंदीर.

"निर्लेखन झालं नाही, म्हणजे यादीतून बाद केलं नाही अजून," साहेब म्हणाले. "तोवर हात लावता येत नाही."

"कधी होईल?"

"समिती बसली की."

"कधी बसंल?"

"अध्यक्षांची बदली झाली ना."

उंदरांना बरी परवानगी मिळाली. माल कुलपात सडून राहिला आणि गरज रस्त्यावर फिरून राहिली, मग भाव उतरेल कसा?

सर म्हणतात, पोरींनो, रॅमसाठी वर्गणी काढा. बहीण रोज क्लासात जाते, काळ्या पडद्यापुढं बसते आणि मेलेल्या मशीनच्या कीबोर्डवर बोटं चालवते. चुकलं तरी कळत नाही, जमलं तरी कळत नाही. परीक्षा पुढच्या महिन्यात.

तुमच्या ऑफिसात, शाळेत अशी कुलूपबंद खोली आहे. हळहळू नका. उद्या सकाळी साहेबांकडं जा, समिती कधी बसणार ते लेखी मागा आणि मिळेपर्यंत दारातून हलू नका. घरच्या माळ्यावर जुना कॉम्प्युटर पडला असेल, तर तो मात्र आजच उतरवा आणि जवळच्या क्लासात नेऊन द्या.