आतोबांची जाड तार

आमच्या आतोबांइतका, म्हणजे आत्याच्या यजमानांइतका, सढळ माणूस वऱ्हाडाने पाहिला नसेल. धाड गावच्या बाजारातून टरबूज घेऊन निघाले की वाटेत भेटेल त्याला फोड देत. घरी पोचेपर्यंत हातात साल उरे. आत्या दारातच विचारी, "हे कोनत्या गाईसाठी आनलं?"

अशा माणसाकडे गल्लीतली पहिली वीज आली. कंपनीने चार दिव्यांपुरती तार दिली. बाकी घरं कापसाच्या जिनात राबणाऱ्यांची. कुडाच्या भिंतीवर मीटर बसत नाही, असं कंपनी म्हणे, आणि तेव्हाच्या नागपूरच्या सरकारला त्यात गैर काही दिसत नव्हतं. आतोबांना दिसलं. "एका घरी पंगत अन् बाकीच्याइले उपास?" म्हणत त्यांनी आपल्या घरातून साऱ्या गल्लीत तारा ओढल्या.

मग फ्यूज उडू लागला. भार वाढला की स्वतः जळून घर वाचवणारी ती बारीक तार. पण आतोबांच्या लेखी ती भरल्या पानावरून पाहुण्याला उठवणारी होती. दर वेळी ते तिच्या जागी आणखी जाड तार बसवत. शेवटी सुतळीएवढी तांब्याची बसवली, तेव्हा वायरमन हात जोडून म्हणाला, "काका, ते तार जळ्यासाठीच असते. ते नाही जळली तं घर जळते."

"काऊन बे? माह्या घरात जळ्यासाठी कोनाले ठेवत नाही मी."

"मंग मले चुलीपुढं कायले बसवलं?" आत्या आतून म्हणाली. सगळे हसले.

गल्लीतल्या एका लग्नात आतोबांच्याच विजेवर मांडवभर दिवे लागले. तांब्याची तार टिकली. घराच्या छतालगतची, कंपनीने चार दिव्यांपुरती दिलेली तार मात्र तापत गेली आणि माळ्यावरच्या कापसाने पेट घेतला. आतोबा मांडवात वाढत होते. आत्या घरात होती.

पंचांनी घरमालकाचा दोष लिहिला. तार त्यांनीच बसवली, हे मीही नाकारत नाही. पण गल्लीला अंधारात ठेवणाऱ्यांना कोणी जाब विचारला? आत्या गेल्यावर मात्र त्याच कुडाच्या भिंतींवर मीटर बसले!

आता आतोबा संध्याकाळी कुणाच्या तरी दारात उभे राहून विचारतात, "तुही तार बारीक हाय न?"

"हाव काका, बारीकच हाय. या न आत, जेवा."

मगच ते उंबरा ओलांडतात. कधी जेवता जेवता फ्यूज उडतो. पोरं ओरडतात, बाया चिमणी शोधतात. अंधारात आतोबांचा हात तेवढा पानावर फिरत राहतो.

"राहू द्या," ते म्हणतात. "घर वाचलं तुमचं."