लंगड्या बोलण्याची जोड

पंचफुला मेश्राम वकील झाली ती कॉलेजात, पण वाद घालायले शिकली भिवापूरकडच्या मिरचीच्या सातऱ्यावर. सातरा म्हणजे मिरच्या वाळवायचं आन त्यांचे डेठ खुडायचं मैदान. बाया नाकावर पदर बांधून रांगेनं बसत. हात चालत तसं बोलणंही चाले. तिथं एक रीत होती. कोणी लंगडं बोललं तर "तुहं चुकलं" म्हणायचं नाही. त्याच पायानं लंगडणारं दुसरं बोलणं तिच्यापुढं टाकायचं. जोड जमली नाही, तर तिची भरलेली पाटी आपण उचलायची.

एकदा जिजाबाई पोरीसाठी पाहिलेल्या नवरदेवाचं कौतुक करून राहिली होती. "पैशावाल्याचा जोडा करकर वाजते. याचा जोडा वाजते. म्हणजे पैशावाला हाय वं!"

पंचफुलेची माय वच्छला डेठ खुडता खुडता बोलली, "पाणी पडलं का अंगण ओलं होते. तुहं अंगण आज ओलं हाय, म्हणजे पाणीच पडलं. मंग तुह्या नातवानं सकाळी काय केलं वं तिथं?"

सारा सातरा खिदळला. जिजाबाईही हसली.

एकोणीसशे बहात्तरमध्ये पंचफुला बी.ए. होऊन नागपूरच्या सक्करदऱ्यात मावशीकडे राहत होती. त्या वर्षी नागपुरातल्या एका लॉ कॉलेजानं प्रवेशासाठी परीक्षा ठेवली. पेपरात वर एक फसलेला युक्तिवाद आन खाली चार. तशीच चूक कोणात आहे ते ओळखायचं. वरच्या युक्तिवादात वकिलाच्या काळ्या कोटाची गोष्ट दिसली की बाकीची पोरं खाली कोटच शोधत. पंचफुलेनं कोट सोडला आन लंगडा पाय धरला. तिचे सारे बरोबर आले.

मग मुलाखत झाली. जागा एकच उरली होती. जाड चष्म्याचे एक प्राध्यापक म्हणाले, "पेपर उत्तम लिहिलात. पण बघा, वकिलाच्या घरातली मुलं या धंद्यात टिकतात. तुम्ही वकिलाच्या घरातल्या नाही. तेव्हा तुम्ही टिकणार नाही. मग ही जागा तुम्हाला का द्यावी?"

पंचफुलेच्या ओठांवर आलं होतं की मावशीच्या गल्लीतला वकिलाचा पोरगा दिवसभर पत्ते कुटते. पण तिनं ते गिळलं. ते उत्तर झालं असतं, जोड नाही. सातऱ्यावर त्यापायी पाटी उचलावी लागली असती. इथं जागाच गेली असती.

"सर, आमच्या गावात पाटलाच्या विहिरीचं पाणी गोड आहे," ती म्हणाली. "आमची विहीर पाटलाची नाही. तेव्हा आमचं पाणी खारं."

बाजूच्या प्राध्यापकांनी रुमालात हसू दाबलं. चष्मेवाले हसले नाहीत.

"मग? खारं आहे?"

"पाटलाच्या विहिरीवर आम्हाले चढू देत नव्हते सर, म्हणून माह्या आज्यानं स्वतः खणली. गोड का खारं, ते पिऊन पाहिल्याशिवाय कसं सांगता?"

चष्मेवाल्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, आन कागदावर सही केली.

"सोमवारी वर्गात या. आणि बाई, माझ्याशी असाच वाद घालायचा असेल तर पुढच्या बाकावर बसा."

"तिथंच बसणार होती सर," पंचफुला म्हणाली.