आदेलचं बोट

१९३४ साली अकरा वर्षांची लोरेत आर्सेनो बापाचा डबा घेऊन रेस्टिगूश नदीकाठच्या कागद गिरणीत पोचली, तेव्हा बॉयलरची नळी फुटून नुकतीच वाफ सुटली होती. बाप तिने पट्ट्याच्या बकलावरून ओळखला. डबा तसाच भरलेला घरी आणला.

पुढे त्याच बॉयलरघरात पाणी तपासायचं काम तिच्याकडे आलं. पाण्यात थोडा अमोनिया ओतायचा आणि चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक नावाचा काळा रंग टाकायचा. निळं झालं तर ठीक. लाल झालं तर पाण्यात क्षार आहेत, नळ्यांत थर धरणार आणि त्या तापून फुटणार. हा रंग स्पिरिटात कालवून ठेवला तर लवकरच मरतो, मग पाणी कसंही असो, लाल होतच नाही. म्हणून लोरेत दर सोमवारी तो मिठाबरोबर खलात कोरडा घोटायची.

९ मार्च १९६१, गुरुवार. पाणी लाल आल्याचा तो एकोणिसावा दिवस. तसं लिहून दिलेल्या तिच्या अठरा चिठ्ठ्या फोरमन ओनेझिमने फाडल्या होत्या. ओनेझिम म्हणजे तिची धाकटी बहीण आदेल हिचा नवरा.

"भाऊजी, जाळ बंद करा. नळी ठोके देतेय."

"उपवासाच्या दिवसांत तुला सगळंच लाल दिसतं. पोटात घाल काहीतरी." त्याने फळीवरची, नाताळाआधी स्पिरिटात कालवलेल्या रंगाची बाटली काढली आणि दोन थेंब टाकले. पाणी फिकट निळसर झालं. "हे बघ, निळं."

"तो रंग मेलाय. त्याला काय दिसणार?"

तिने बाटली भिंतीवर फोडली. ओनेझिमने तिच्या तोंडात मारली. ती काचांवर पडली, तळहात फाटला. आठ कामगार बघत होते. एक जण पुटपुटला, "घरचं भांडण आहे, आपण कशाला मधे पडायचं?"

लोरेत उठली. कोपऱ्यातली पहार उचलून तिने जाळात कोळसा नेणाऱ्या साखळीत खुपसली. ओनेझिम तिचे केस धरून मागे ओढत होता. साखळी कचकचली, पहार मोडली आणि तिचा निम्मा तुकडा उडून त्याच्या कोपरावर बसला. हाड बाहेर आलं. तो गुरासारखा ओरडला. साखळी थांबली, जाळ हळूहळू उतरला.

ओनेझिमचा हात कोपरापासून कापावा लागला.

पुढच्या सोमवारी लोरेत पट्टी बांधल्या हाताने रंग घोटत होती. आदेल आली, तीही डोक्याचा रुमाल न सोडता. सगळ्यांदेखत तिने बहिणीच्या थोबाडीत दिली.

"त्याला जेवण मी भरवते. पावाचा तुकडासुद्धा त्याला मोडता येत नाही."

दुसरी बसली, तिसरीसाठी आदेलने हात उगारला. लोरेतने हात वर केला नाही. फिटरांनी थंड बॉयलरमधून कापलेला नळीचा मनगटाएवढा तुकडा टेबलावर होता, तो तिने बहिणीपुढे सरकवला. एका बाजूने तो बेडकाच्या गळ्यासारखा फुगला होता.

"बोट घाल."

"कशाला?"

"घाल म्हणते ना. बाबांच्या नळीत कुणीच घातलं नव्हतं."

आत पांढरा दगडासारखा थर होता. आदेलच्या दुसऱ्या हाताची करंगळीसुद्धा पहिल्या पेरापुढे जाईना. मग तिसऱ्यांदा उगारलेला हात तिने खाली घेतला.