तणशीत खुपसलेल्या गोळ्या

“हे औषध आता तुमच्या जंतूंना मारत नाही.” नागपूरहून आलेला थुंकीच्या तपासणीचा कागद वाचून चांद्याचे डॉक्टर म्हणाले. याला त्यांनी रेझिस्टन्स असं नाव सांगितलं. अर्धवट मार खाल्लेले जंतू निगरगट्ट होतात.

“गोळ्या चुकवल्या होत्या?”

“नाई साहेब.”

मी खोटं बोललो. एकोणीसशे पन्नास सालानंतरची ही गोष्ट.

मला क्षय झाला होता. वडशाजवळच्या आमच्या गावी कंपाउंडर येऊन स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन द्यायचा. सोबत रोज मूठभर पीएएसच्या गोळ्या. एका औषधातून सुटलेला जंतू दुसऱ्याने मरावा, म्हणून दोन.

गोळ्यांनी मळमळायचं, गाता येत नसे. मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकातलं माझं राजाचं काम धाकट्या भावाला, सदूला दिलं होतं. तालमीतला त्याचा आवाज माझ्या खाटेपर्यंत यायचा. कुणीतरी म्हणायचं, “भावापेक्षा बरा गाऊन राह्यला लेकाचा.” ते गोळ्यांहून कडू लागायचं.

मी गोळ्या गोठ्यातल्या तणशीत, भाताच्या पेंढ्यात, खुपसू लागलो. नुसत्या इंजेक्शनांनी ताप उतरला, आवाज परतला. सदूच्या डोक्यावरचा मुकुट मी काढून घेतला आणि बंद खोलीत, त्याच्या तोंडासमोर खोकत, त्याला प्रधानाचं काम शिकवलं.

उन्हाळ्यात माझा ताप पुन्हा चढला आणि सदूच्या थुंकीत रक्त आलं. दोघांना तेच उपचार सुरू झाले. महिने गेले, गुण येईना. मग तो नागपूरचा कागद आला. कंपाउंडरने औषधाऐवजी पाणी टोचलं, असं गावाने ठरवलं. त्याची बदली झाली. मी गप्प बसलो. त्या माणसाचा काही दोष नव्हता.

पुढे आयसोनियाझिड नावाची नवी गोळी आली. मी बरा झालो. सदूचं फुप्फुस मात्र फार पोखरलं होतं. ते दाबून मिटवायला नागपूरला त्याच्या त्या बाजूच्या फासळ्या काढल्या. खांदा कलला, गाणं संपलं. मी पुन्हा राजा झालो, तरी लोक त्याचीच आठवण काढायचे आणि मी जळायचो.

गेल्या महिन्यात त्याला सगळं सांगितलं.

“मले तवाच ठाऊक होतं, भाऊ. तणस काढताना गोळ्या दिसल्या होत्या.”

“मंग बोलला काऊन नाई?”

“तू बरा झाला असता, त मले राजा कोनं केलं असतं?”

म्हणून सांगतो, घरात कुणी औषध फेकताना दिसलं, तर बोला.

आता सदू रोज सकाळी माझी रक्तदाबाची गोळी घेऊन येतो. मी गिळेपर्यंत हलत नाही.

“तोंड उघड,” म्हणतो.

मी उघडतो.