काकूंनी वाचलेलं दार

लिफ्टच्या कारखान्यात त्यांना सगळे बिटकाका म्हणायचे. लिफ्टचं दार कधी उघडायचं, कधी मिटायचं हे एक चिप ठरवते, आणि त्या चिपचा प्रोग्राम तीस वर्षं काकांनी एकट्यानं सांभाळला. सलग सातशे ओळी, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. पोर्ट म्हणजे चिपच्या तारांचा गठ्ठा, बिट म्हणजे त्यातली एकेक चालू-बंद कळ: पोर्ट दोनचा तिसरा बिट शून्य, पाचवा एक. नाव-गाव कशालाच नाही. कुणी कुरकुरलं की म्हणायचे, "ज्याला बिट कळत नाहीत त्यानं जिन्यानं जावं."

गेल्या वर्षी त्यांच्या हाताखाली एक तरुण इंजिनियर बाई आली. तिनं आल्याआल्या त्या सातशे ओळींचे चाळीस छोटे तुकडे, म्हणजे फंक्शन, केले आणि प्रत्येकाला साधं बोलीतलं नाव दिलं: अडथळा आहे का, दार थांबव, दार मागे घे. कारखान्यानं तिचं नाव तुकडेवाली ठेवून टाकलं. काका तर पेटलेच. "एका ओळीसाठी फंक्शन? उद्या शिंकायलाही काढशील!" पण खिडकीजवळची, उजेडाची खुर्ची तिला दिली ती त्यांनीच. तोंडानं फटकळ आणि आतून असा हा माणूस.

मग काकांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. डावा आधीच अधू. ऑपरेशन झालं आणि पंधरा दिवस पालथं पडून राहायचं फर्मान निघालं. बारीक अक्षर पुन्हा दिसेल का, यावर डॉक्टर काही बोलेनात. "वाचता येणार नसेल तर माझा काय उपयोग?" काका उशीत तोंड खुपसून म्हणाले. काकूंनी "काहीतरीच बोलता" म्हणून दटावलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

सहाव्या दिवशी तुकडेवाली कागदांचं भेंडोळं घेऊन हजर. चाचणीच्या लिफ्टचं दार मुद्दाम मध्ये ठेवलेल्या खोक्याला टेकल्यावर अर्धा सेकंद तसंच दाबून धरत होतं, मग मागे जात होतं. तुकडे करण्याआधी असं होत नव्हतं. दोन दिवस शोधून तिची मती गुंग झाली होती.

"आधी माझं जुनं वाच," काका म्हणाले.

ती वाचू लागली. पोर्ट दोन, बिट तीन, शून्य. पोर्ट दोन, बिट पाच, एक. दहाव्या ओळीला काकांनी हात वर केला. "पुन्हा." पुन्हा वाचलं. पुन्हा हात वर. स्वतः लिहिलेलं त्यांना नुसतं ऐकून कळेना. तुकडेवालीला पुढे वाचवेना. तेव्हा काकूंनीच चष्मा चढवला आणि तिचा नवा कागद घेतला.

"अडथळा आहे का? असेल तर दार थांबव. मग दार मागे घे." काकू थबकल्या. "अहो, हे तर मला कळतंय! तीस वर्षं हे करत होतात तुम्ही? कुणाचा हात चेंगरू नये म्हणून?"

"मग काय गोट्या खेळत होतो? त्या 'दार थांबव'च्या पोटात काय आहे ते वाच."

"मोटर बंद. ब्रेक लाव. अर्धा सेकंद वाट बघ."

"हात अडकल्यावर वाट बघायची?" काका उठायलाच निघाले, दोघींनी खांदे धरून त्यांना पुन्हा पालथं पाडलं. "अगं, दार पूर्ण मिटल्यावरची वाट आहे ती! मिटल्यावरचं थांबणं आणि अडथळ्याचं थांबणं सारखं दिसलं म्हणून बाईसाहेबांनी दोन्ही एकाच तुकड्यात कोंबली."

तुकडेवालीनं कपाळावर हात मारून घेतला.

"माझ्या सातशे ओळींत असं झालं नसतं," काका म्हणाले. मग म्हणाले, "आणि झालं असतं, तर आज मला सापडलंही नसतं."

काकांना आता माणसं धूसर दिसतात, अक्षरं दिसत नाहीत. आठवड्यातून तीनदा तुकडेवाली घरी येते. काका डोळे मिटून बसतात आणि काकू वाचतात. एखाद्या नावाशी त्या अडखळल्या की काका विचारतात, "कळलं नाही का तुला?" काकू मान हलवतात, मग ते त्यांना दिसलं नसणार हे आठवून मोठ्यानं "नाही" म्हणतात. तुकडेवाली ते नाव खोडते आणि दुसरं लिहिते.