दुसऱ्याची साक्ष

शहापूरच्या ख्रिस्ती मंडळीने हंगामाच्या सणाला मला बोलावले होते ते एक साक्ष सांगण्यासाठी. साक्ष म्हणजे देवाने माणसाच्या आयुष्यात काय केले ते चारचौघांत उभे राहून सांगणे. ख्रिस्ती वाचकांना हे ठाऊक आहे, इतरांसाठी लिहिले. ही साक्ष माझी नव्हती. मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला एका पाड्यावर (डोंगरातली लहान वस्ती) राहणाऱ्या माणसाची होती, आणि मी प्रचारक म्हणून अर्धे आयुष्य ती गावोगाव सांगत आलो होतो. सण रविवारी होता. मी शनिवारी सकाळीच कल्याणहून निघालो आणि शहापूरचा रस्ता सोडून मुरबाडची एस.टी. पकडली. आधी त्या माणसाला भेटायचे होते. त्याला मी इथे बारकू म्हणेन. ते त्याचे नाव नाही, आणि पाडाही कोणता ते लिहिणार नाही.

मुरबाडला चहा घेऊन म्हसा गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. माझे पांढरे कपडे आणि हातातली पिशवी ड्रायव्हरने आरशातून दोनदा पाहिली.

"बाबा, प्लॉट बघाया आलात का प्रार्थनेला?"

दोन्हींसाठी नाही, असे मी म्हणालो.

"मग तिसरा काय असतो हिकडं?" तो म्हणाला, आणि मागच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

त्याचे चुकले नव्हते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तारेची कुंपणे आणि बंगल्यांच्या जाहिरातींच्या पाट्या होत्या. कुंपणांमधल्या मोकळ्या जागेत भात कापून झाले होते, आणि कापलेल्या खोडांमधून वालाची कोवळी पाने वर आली होती. अशा ठिकाणी शहरातून एकटा म्हातारा येतो तो जमिनीसाठी किंवा धर्मासाठी, असे लोक धरून चालतात. शेजारी बसलेल्या माणसाने मला गाव विचारले, मग आडनाव, मग कोणाकडे जायचे ते. मी बारकूचे नाव सांगितले. तो "बरा" म्हणाला आणि बाहेर बघू लागला. जीपमधले पुढचे बोलणे त्यांच्या घरच्या बोलीत झाले. मला फारसे कळले नाही, पण ते माझ्याविषयी होते एवढे नक्की.

म्हशाच्या पुढे एका फाट्यावर उतरून पायवाट धरली. समोर सिद्धगड उभा होता, खांद्यापर्यंत झाडीत बुडालेला. वाट चढाची नव्हती, तरी मी वरचेवर थांबत होतो. दम हे त्याचे अर्धेच कारण होते.

मी जी साक्ष सांगत असे ती अशी: बारकू हा तालुक्यातला नामांकित दारुडा. एके दिवशी मी त्याच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. तो वीज पडल्यासारखा जमिनीवर कोसळला. घरी दारूचे मडके होते, ते आपोआप दुभंगले. त्या दिवसापासून त्याने दारूकडे ढुंकून पाहिले नाही. मग मी मन नवे होण्याविषयी बोलत असे. जुने मन सदऱ्यासारखे काढून टाकायचे, नवे घालायचे, की झाले.

खरे एवढेच घडले होते. शाळेच्या ओट्यावर आमची लहानशी सभा होती. ती संपल्यावर एक तरुण माणूस मागे राहिला आणि म्हणाला, "मला सोडायची हाय, जमत नाय." मी त्याच्यासाठी प्रार्थना केली. तो घरी गेला. कोसळणे मी एका गावात घातले, कारण लोक पेंगत होते. मडके दुसऱ्या गावात आले. पहिल्यांदा सांगताना मी ते बारकूच्याच हातून फोडले होते. ते आपोआप फुटू लागल्यावर टाळ्या जास्त आल्या, म्हणून पुढे तसेच राहू दिले.

यापेक्षा वाईट गोष्ट पुढची आहे. काही वर्षांनी शहापूरच्या मोठ्या सभेत बारकूची बायको, तिला जनी म्हणू, मला मंडपाच्या मागे गाठायला आली. ती म्हणाली, "भाऊ, ही गोष्ट एवढ्यात संपवू नका. आमच्या घरात ती अजून चालू हाय." माझ्या पायांना हात लावून तिने मला ती न सांगण्याची विनंती केली. मी तिला म्हणालो की ताई, तुमचा विश्वास कमी पडतो, प्रभूने काम पूर्ण केले आहे. आणि त्याच संध्याकाळी, ती समोर बायकांच्या रांगेत बसलेली असताना, मी मडके फोडले.

पाड्यावर पोचलो तेव्हा खळ्यावर झोडणी चालू होती. भाताचे भारे फळीवर आपटण्याचा आवाज मी दिसताच थांबला.  एका म्हातारीने विचारले की मोजणीवाले पुन्हा आले काय. मी बारकूचे घर विचारले, तर तिने बोट करण्याआधी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतले.

घराच्या ओटीवर एक पांढरा प्लास्टिकचा कॅन होता, तोंडाला फडके बांधलेला. माझी नजर आधी तिथे गेली. मग कोपऱ्यातल्या टोपल्यांवर, मग आतल्या अंधारात. माफी मागायला आलेला माणूस मी, आणि पंचासारखी झडती घेत होतो. त्या कॅनमध्ये काय होते ते मी विचारले नाही. अजून मला माहीत नाही.

बारकू खळ्यावरून आला. केस पिकले होते, अंगाला भाताचे तूस चिकटले होते. मी पुढे होऊन त्याला मिठी मारली. त्याचे हात खाली तसेच लोंबत राहिले.

"लागला का वास?" त्याने माझ्या कानाशी विचारले.

मी श्वास आत ओढला होता. तो मला सोडताही येईना.

"लाजू नका," तो म्हणाला. "तुमच्या मंडळीत सगळी असाच भेटायची. आधी नाक, मग सलाम."

मग ओटीवर बसून त्याने मला ते सांगितले. मी साक्ष सांगत फिरलो आणि ती त्याच्या आधी सगळीकडे पोचली. तो उपासनेला गेला की लोक कौतुकाने गळ्यात पडत आणि वास घेत. तो खोकला तरी बायका वळून बघत. शेजारच्या गावचा सोयरा म्हणाला, तालुक्याचा दारुडा तो तूच काय. मी गोष्ट सांगण्याआधी तो असा कोणी नामांकित नव्हता. आणि मंडळीत उठून, माझ्यासाठी प्रार्थना करा, मला जड जातंय, असे म्हणायची सोय राहिली नाही. ज्याचे मडके देवाने स्वतः फोडले, त्याला कसले जड जाणार? म्हणून त्याने जाणेच बंद केले. प्रार्थना मात्र घरी करतो, असे जनी आतून म्हणाली. बारकू अंगावरचे तूस झटकू लागला.

मी त्याला सांगितले की उद्या मी शहापूरला सगळे खरे सांगणार आहे. मला वाटले होते त्याला बरे वाटेल. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसा माणूस दुसऱ्यांदा दारात आलेल्या विक्रेत्याकडे बघतो.

"तवा मी उठलो म्हनून टाळ्या घेतल्यात. आता मी पडलो, उठलो, काय केला ते सांगून रडाल. लोक म्हनतील, भाऊ किती खरा मानूस. मी परत दारुडाच ना?"

 आदल्या रात्री पडल्या पडल्या मी जे भाषण जुळवले होते त्यात रडण्याची जागा ठरलेली होती.

जनीने नाचणीची भाकरी आणि सुकटीचे कालवण पुढे ठेवले. आम्ही दोघे जेवलो. मी घास घेताना ती उभीच होती. मग म्हणाली, "भाऊ, जेवढा तुमचा तेवढाच परत घ्या. वीज तुमची, मडका तुमचा. मी सांगाया आले, तुमी ऐकला नाय, तो पन तुमचा. ह्यांचा हितंच ठेवा." बारकू भाकरी मोडत म्हणाला की ही वकील व्हायची, माझ्या नशिबात पडली. त्या घरात हसण्याचा आवाज तेवढाच झाला, आणि त्यात मी धरलेला नव्हतो.

निघताना त्याने गेल्या वर्षांचे थोडे सांगितले. का सांगितले, मला परीक्षा म्हणून की मन मोकळे करायला, ते मला अजून उमगलेले नाही. काय सांगितले ते इथे नाही.

दुपारच्या गाडीने मुरबाड, तिथून सरळगाव, किन्हवली करत संध्याकाळी शहापूरला पोचलो. मुक्काम मंडळीच्या पाळकांकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे होता. तरुण गृहस्थ, फार अगत्याचे. त्यांनी माझी साक्ष लहानपणी ऐकली होती. जेवताना ते मुलांना सांगत होते की उद्या मडक्याची गोष्ट. मी ताटातला भात कालवत राहिलो. त्यांनी मला दोनदा विचारले की तब्येत बरी आहे ना.

रविवारी मंडपाच्या खांबांना भाताच्या लोंब्या बांधल्या होत्या. वेदीपुढे लोकांनी आणलेले पहिले पीक मांडले होते: भात, वरई, दुधी, भोपळे, पाय बांधलेला एक कोंबडा. उपासनेनंतर या सगळ्याचा लिलाव होतो आणि तो ऐकण्यासारखा असतो. मला बोलावले तेव्हा कोंबडा मध्येच आरवला. लोक हसले. पूर्वीचा मी असतो तर ते हसू पकडून पुढे नेले असते.

मी म्हणालो की एका माणसाची गोष्ट मी वर्षानुवर्षे सांगितली. तो कोसळला नव्हता. मडके फुटले नव्हते. ते मी रचले. त्याच्या घरच्या माणसाने मला थांबायला सांगितले होते आणि मी थांबलो नाही. त्या माणसाचे पुढे काय झाले ते सांगायचा हक्क मला नाही; तेव्हाही नव्हता. माझ्या खोट्याबद्दल मला क्षमा करा. एवढे बोलून बसलो. रडू आले नाही. आले असते तर त्याच्यावरही माझा विश्वास बसला नसता.

टाळी वाजली नाही. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. पाळक माझ्या कानाशी वाकले आणि हळूच विचारले, "भाऊ, बीपीची गोळी घेतली होती ना?" मग त्यांनी घाईने गीत सुरू केले आणि गीत संपताच भोपळ्याचा लिलाव. पण भोपळ्यावर कोणाचे लक्ष नव्हते. जेवणाच्या पंगतीत एकामागून एक लोक माझ्याशेजारी येऊन बसले. कोणी म्हणाले, धाडस केलेत. कोणी म्हणाले, हे आताच का, कोणी दबाव आणला का. आणि प्रत्येकाने शेवटी आवाज खाली आणून तेच विचारले: मग तो पितो का अजून?

आसनगाव स्टेशनपर्यंत मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला मोटारीतून सोडले. वाटभर त्यांनी तो प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी फिरवून विचारला. मला कबूल केले पाहिजे की माझी जीभ शिवशिवत होती. बारकूने सांगितलेले सगळे माझ्याजवळ होते आणि ते मडक्याच्या गोष्टीपेक्षा कितीतरी चांगले होते. शेवटी मी डोळे मिटून झोपेचे सोंग घेतले. पुन्हा खोटेच म्हणा.

घरी पोचलो तर पत्नीने पाणी देता देता विचारले, "भेटला? सुटली का त्याची?"

लग्नाला इतकी वर्षे झाली, तिच्यापासून मी कोणाचीही गोष्ट लपवलेली नाही. उलट प्रत्येक साक्ष आधी तिच्यावर घासून पाहिली. मी म्हणालो की भाकरी नाचणीची होती आणि सुकट झकास होती.

तिने माझ्याकडे निरखून पाहिले. "तुम्ही काहीतरी लपवताय."

"हो," मी म्हणालो.

तिला राग आला. वाचकांनाही येईल, आणि माझ्याविषयी शंका तर येईलच. ती रास्त आहे. मन नवे होते ते एका दिवसात, असे मी पूर्वी सांगत असे. आता माझ्यापुरते बोलतो. त्या संध्याकाळी माझे मन एका प्रश्नापुरते नवे झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतताना तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.